फोनवरचा आवाज

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात.
आमच्या ग्रिम्सबीच्या घरात ती सात पावलांवर बदलायची,
सिंकपासून जिन्याखालच्या फोनपर्यंत.

घंटी वाजली की आई हात पुसायची,
ॲप्रन काढून खुंटीला लावायची
(पलीकडच्याला काय ते दिसणार होतं?)
घसा खाकरायची
आणि रिसीव्हर उचलून
कुणी तिसरीच बाई बोलू लागायची:
मिसेस हॅलम बोलतेय.
त्या हॅलममधला ह
पाहुण्यांपुरत्या कपासारखा,
दोन्ही हातांनी कपाटातून काढलेला.
एरवी गल्लीत आम्ही सगळे ॲलमच होतो.

बाबांना फोन उचलायची मनाई.
गोदीवर चाळीस वर्षं हॅडॉक सोलला त्यांनी,
त्याला ॲडक म्हणत,
आणि माशाला त्याचं कधी काही वाटलं नाही.
काय झालं विचारलं तर एकच शब्द, नाउट.
काही नाही. बोट कापलं तरी नाउट,
कामावरून काढलं त्या संध्याकाळीसुद्धा नाउट.

एकदा मात्र आईचे ह हिशेबाबाहेर गेले.
शाळेच्या जत्रेसाठी काय देणार, असं
मिस लॉरिमरनी फोनवर विचारलं,
आणि आई ऐटीत म्हणाली, दोन डझन हेग्ज.
अंडी.
दुसऱ्या दिवशी वर्गात मिस लॉरिमर माझ्याकडे बघून हसल्या,
नुसत्या वरच्या ओठाने.
घरी येऊन मी आईशी भांडले.
कशावरून ते सांगितलं नाही.

मग शिष्यवृत्ती, दूरचं कॉलेज, लांबलचक जेवणाची टेबलं.
समोरची मुलगी म्हणाली, परत म्हण ना, बॅथ.
मी म्हटलं.
तिने आणखी तिघींना बोलावून घेतलं.
बॅथ आणि बाथ,
फरक एका कान्याचा,
पण सगळे कान तेवढ्यावरच टपलेले.
त्या हिवाळ्यात रात्री दार लावून
मी टबातच बसायचे आणि तोच शब्द घोकायचे,
पाणी गार होईपर्यंत.

जमलं. इतकं जमलं की
आता लंडनमध्ये मला कुणी विचारत नाही, कुठली तू.
मागच्या महिन्यात सन्डरलँडचा एक मुलगा मुलाखतीला आला.
हुशार. बोलता बोलता टेबलाच्या कडेवर हात ठेवायचा,
बोटीच्या कठड्यावर ठेवावा तसा.
तो गेल्यावर साहेब म्हणाले, अशिलांना कळेल का याचं?
मी काही बोलले नाही.
संवादकौशल्याच्या रकान्यात
पाचांपैकी दोन लिहिले
आणि पेनाला टोपण लावलं.

रविवारी घरी फोन केला.
मिसेस हॅलम बोलतेय.
आई, मी. जॅनिस.
इथे तो आवाज खाली पडायचा नेहमी,
घट्ट बूट काढून पाय मोकळे करावेत तसा.
मी थांबले.
पडला नाही.
किती बरं वाटलं गं तुझा फोन आला,
असं ती म्हणाली, एकेक अक्षर इस्त्री केलेलं.
तिने मला ओळखलं होतं.
ॲप्रन खुंटीवर होता, मला इथून दिसला.

काय विशेष, तिने विचारलं.
आणि मी, बाबा गेल्याला सहा वर्षं झाल्यावर,
कुठूनतरी खणून काढत म्हटलं, नाउट.

तो शब्द माझ्या तोंडून तसाच आला
जसा त्या मुलीच्या तोंडून बॅथ.

पलीकडे थोडा वेळ शांतता.
मग आई म्हणाली, माफ कर हं,
लाइन जरा खराब आहे.